मुख्य मजकुराचा फॉन्ट बदलला, तरी मराठी तशीच का राहते?

तुमची अडचण मी अशी समजलो आहे. झीलाटेकमध्ये (मजकुरात आज्ञा लिहून पानं मांडणाऱ्या लाटेकचा, युनिकोड फॉन्ट चालवणारा प्रकार) बसवलेला २१४ पानांचा मराठी प्रबंध, मधूनमधून इंग्रजी संज्ञा, दोन प्रकरणांत सूत्रं. आता मुख्य मजकुराचा फॉन्ट बदलायचा आहे. सेटमेनफॉन्ट या आज्ञेत नव्या फॉन्टचं नाव घातलंत, तर इंग्रजी शब्द तेवढे बदलले, मराठी जागची हलली नाही. मग नव्या फॉन्टसाठी स्वतःची एक आज्ञा तयार करून ती मजकुराच्या अगदी सुरुवातीला टाकलीत. त्याने मजकूर बदलला, पण शीर्षकं, तळटीपा, तक्ते आणि पानाच्या माथ्यावरची ओळ जुन्याच फॉन्टात राहिली. शिवाय पहिल्या वेलांट्या अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसल्या, जोडाक्षरं फुटली आणि पानं २३९ झाली.

यातलं प्रत्येक दुखणं वेगळ्या कारणाने आलेलं आहे, म्हणून एकेक घेतो. वाचताना एवढं लक्षात ठेवा की आज्ञांची नावं मी इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितो आहे. फाइलीत त्या नेहमीच्या रोमन स्पेलिंगनेच आणि आधी बॅकस्लॅश देऊन लिहायच्या.

आधी शीर्षकं आणि तळटीपांचं बघू, कारण लाटेक फॉन्टकडे कसं बघतं ते त्यातून कळतं. लाटेकच्या मनात दोन गोष्टी वेगळ्या असतात: 'आत्ता चालू असलेला फॉन्ट' आणि 'या दस्तऐवजाचा ठरलेला फॉन्ट'. मजकुराच्या सुरुवातीला तुम्ही टाकलेली आज्ञा फक्त चालू फॉन्ट बदलते. ठरलेला फॉन्ट जो होता तोच राहतो. आणि लाटेकचे बरेच भाग स्वतःचं काम सुरू करताना आधी नॉर्मलफॉन्ट म्हणतात, म्हणजे 'ठरलेल्या फॉन्टवर परत ये', आणि मग आपला आकार आणि ठळकपणा लावतात. प्रकरणाचं शीर्षक असं करतं, तळटीप असं करते, तक्ते आणि आकृत्यांच्या चौकटी असं करतात, पान बाहेर पडताना माथ्याची आणि पायाची ओळही असंच करते. तुमची आज्ञा यांच्यापर्यंत पोचतच नाही. ही लाटेकची चूक नाही, उलट फार शहाणी सोय आहे: एखाद्या परिच्छेदात तुम्ही चालू फॉन्ट बदललात आणि त्याच पानावर तळटीप आली, तर ती तळटीप बिघडू नये म्हणून ही व्यवस्था आहे.

म्हणून मुख्य फॉन्ट मजकुरात कधीच बदलायचा नाही. तो प्रिअँबलमध्ये, म्हणजे मजकूर सुरू होण्याआधीच्या भागात, एकदाच ठरवून द्यायचा. शीर्षकासाठी वेगळं, तळटीपेसाठी वेगळं, तक्त्यासाठी वेगळं अशी ठिगळं लावत बसणारे लोक मी खूप पाहिले आहेत. सातव्या ठिगळानंतर अनुक्रमणिका आठवते, आठव्यानंतर संदर्भसूची. मजकुरात टाकलेली ती आज्ञा आजच काढून टाका.

आता पहिलं कोडं: प्रिअँबलमध्येच तर सेटमेनफॉन्ट बदललं होतं, मग मराठी का हलली नाही? तुमच्या प्रिअँबलमध्ये पॉलिग्लॉसिया, म्हणजे एका दस्तऐवजात अनेक भाषा सांभाळणारं पॅकेज (लाटेकला लावायची जोडणी), आहे, आणि माझी खात्री आहे की सेटमेनफॉन्टच्या चार-पाच ओळी खाली न्यूफॉन्टफॅमिलीने सुरू होणारी आणि देवनागरीफॉन्ट असं नाव देणारी एक ओळ आहे. कुठल्या तरी नमुना फाइलीतून ती आलेली असते आणि कोणी तिच्याकडे बघत नाही. मराठी मजकूर सुरू झाला की पॉलिग्लॉसिया आधी मराठीफॉन्ट नावाची आज्ञा आहे का ते बघतं, नसेल तर देवनागरीफॉन्ट आहे का ते बघतं, आणि मिळेल त्या फॉन्टमध्ये मराठी बसवतं. म्हणजे तुमच्या दस्तऐवजात सेटमेनफॉन्टकडे उरला तो फक्त इंग्रजी मजकूर. त्यात तुम्ही मराठी फॉन्टचं नाव घातलंत. त्या फॉन्टात रोमन अक्षरंही असल्यामुळे इंग्रजी शब्द गुपचूप त्यात गेले आणि कुठेही तक्रार आली नाही. मराठी जुन्याच ओळीवर चालत राहिली.

तेव्हा बदल करायचा तो देवनागरीफॉन्टच्या ओळीत. सेटमेनफॉन्टमध्ये इंग्रजीला शोभेल तो फॉन्ट परत ठेवा. आणि देवनागरीफॉन्टच्या चौकोनी कंसात दोन गोष्टी हव्यातच: स्क्रिप्ट बरोबर देवनागरी, आणि लँग्वेज बरोबर मराठी.

यातली स्क्रिप्टची नोंद नसणं हेच तुमच्या फुटक्या जोडाक्षरांचं कारण आहे. तुम्ही केलेल्या स्वतःच्या आज्ञेत ती नव्हती. फॉन्टच्या फाइलीत अक्षरांच्या आकृत्या असतात, पण 'कि' लिहिताना वेलांटी क-च्या आधी न्यायची, 'क्त' चा एकच आकार करायचा, रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढवायचा, हे नियम लिपीच्या नावाखाली बांधलेले असतात. लिपी सांगितली नाही तर फॉन्टस्पेक, म्हणजे लाटेकला फॉन्ट निवडून देणारं पॅकेज, रोमन धरून चालतं आणि ते नियम लागूच होत नाहीत. मग अक्षरं टंकलेल्या क्रमाने एकापुढे एक उभी राहतात, पाय मोडलेली, वेलांटी उजवीकडे. फॉन्ट खराब आहे असा निष्कर्ष काढून लोक दुसरा फॉन्ट शोधतात आणि त्यातही तेच होतं. आधी ही एक नोंद बघा.

लँग्वेजची नोंद विसरली तर काही फुटत नाही, म्हणून ती जास्त विसरली जाते. पण मराठी वाचकाच्या डोळ्याला तिचा फरक लगेच कळतो. मराठीत आपण ज्या वळणाचा 'ल' आणि ज्या वळणाचा 'श' लिहितो, ती वळणं हिंदी छपाईत रूढ असलेल्या वळणांहून वेगळी आहेत. युनिकोडमध्ये दोन्हींचा क्रमांक मात्र एकच. पुष्कळ फॉन्टांत मूळ आकार हिंदी वळणाचा असतो आणि मराठी वळण आत राखून ठेवलेलं असतं. भाषा मराठी आहे असं सांगितलं की ते बाहेर येतं. अख्खा प्रबंध हिंदी 'ल' मध्ये छापून आला की काहीतरी परकं वाटतं, आणि काय ते सांगता येत नाही. फॉन्टात मराठीची वेगळी सोयच नसेल तर फॉन्टस्पेक तशी सूचना देतं आणि पुढे जातं. ती सूचना दिसली तर पान मोठं करून 'ल' आणि 'श' स्वतः बघा आणि ते वळण चालणार आहे का हे ठरवा.

फॉन्ट निवडण्याआधी मी नेहमी एक परीक्षा घेतो. तीन-चार ओळींचा मजकूर असतो, त्यात मुद्दाम अडचणीची अक्षरं भरलेली असतात: 'आचार्यास' आणि 'आचाऱ्यास' शेजारी शेजारी, 'दऱ्या', 'ऱ्हास', 'ॲसिड', 'उद्ध्वस्त', 'शृंगार', 'पूर्तींच्या', 'वाङ्मय', 'ज्ञ', 'क्ष', 'ळ्या', आणि एक ते शून्य सगळे आकडे. 'आचार्यास' म्हणजे गुरूला आणि 'आचाऱ्यास' म्हणजे स्वयंपाक्याला, हे आपण शाळेत शिकलो. फॉन्टने दोन्ही ठिकाणी रफारच दिला तर तो मराठीसाठी बाद. 'ॲ' हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं, त्यामुळे जुन्या फॉन्टांत त्याच्या जागी रिकामी चौकट येते. 'वाङ्मय' मधला ङ-चा पाय मोडलेला दिसतो की जोडाक्षर होतं, ही आवडीची बाब आहे, पण 'उद्ध्वस्त' नीट जुळलंच पाहिजे. दहा मिनिटांची ही परीक्षा प्रबंध बांधायला गेल्यावरची फजिती वाचवते.

कोणता फॉन्ट घ्यावा हे तुम्ही विचारलेलं नाही, तरी सांगतो, कारण पुढचा मुद्दा त्यावर उभा आहे. प्रबंधात ठळक अक्षर लागतंच: शीर्षकात, व्याख्यांत, तक्त्यांच्या मथळ्यांत. टिरो देवनागरी मराठी हा दीर्घ वाचनासाठी मला फार आवडणारा फॉन्ट आहे, मराठी वळणं त्यात मुळातच आहेत. पण त्याला रेग्युलर आणि इटॅलिक आहे, बोल्ड नाही. नोटो सेरिफ देवनागरीला बारीकपासून जाडजूडपर्यंत सगळी वजनं आहेत, इटॅलिक नाही. आयआयटी मुंबईत तयार झालेल्या शोभिकामध्ये रेग्युलर आणि बोल्ड दोन्ही आहेत आणि संस्कृत जोडाक्षरांचा साठा भरपूर आहे. तुमच्या प्रबंधात संस्कृत अवतरणं असतील तर मी शोभिकाकडे वळेन. मुक्ता सुबक आहे, पण ती बिनसेरिफची, म्हणजे रेघांच्या टोकांना बारीक शेपट्या नसलेली. मी ती शीर्षकांना आणि तक्त्यांना देतो, सलग दोनशे पानांना नाही.

बोल्ड नसलेला फॉन्ट घेतला तर ऑटोफेकबोल्ड वापरायचा मोह होईल. करू नका. त्यात खरं ठळक अक्षर काढलेलं नसतं, असलेल्या अक्षराच्या कडेला शाई वाढवलेली असते. रोमनमध्ये ते कसंबसं खपतं. देवनागरीत 'ष', 'क्ष', 'ध' यांच्या आतल्या पोकळ्या बुजतात आणि छापलेल्या कागदावर डाग पडल्यासारखं दिसतं. त्यापेक्षा बोल्डफॉन्ट या पर्यायात दुसऱ्या, स्वभावाने जुळणाऱ्या कुळाचं बोल्ड नेमून द्या. टिरोच्या मजकुराला नोटो सेरिफ देवनागरीचं बोल्ड मी दिलेलं आहे, आणि ते शोभतं. आकार थोडा जुळवून घ्यावा लागतो इतकंच.

इटॅलिकचं थोडक्यात. तिरकं अक्षर हा देवनागरीचा स्वभाव नाही, आणि बहुतेक देवनागरी फॉन्टांत ते नसतंच. एम्फ ही जोर देण्याची आज्ञा वापरलेल्या ठिकाणी आणि संदर्भसूचीतल्या ग्रंथनामांत लाटेक इटॅलिक मागतं, ते न मिळाल्याची सूचना देतं आणि सरळ अक्षर वापरतं. म्हणजे तुम्ही दिलेला जोर कागदावर दिसतच नाही. २०२० पासूनच्या लाटेकमध्ये डिक्लेअरएम्फसीक्वेन्स ही आज्ञा आहे. तिला बीएफसिरीज दिलं की एम्फ ठळक अक्षरात येतं. ग्रंथनामांसाठी मात्र ठळक फार ओरडतं, तिथे मी अवतरणचिन्हं वापरतो.

फॉन्टचं नाव देताना आणखी एक गोष्ट. संगणकावर बसवलेल्या फॉन्टचं नाव लिहिलं की तुमच्याकडे चालतं, पण हीच फाइल दुसऱ्या संगणकावर चालेलच असं नाही. तिथे फॉन्ट नसतो, किंवा असतो पण जुन्या आवृत्तीतला असतो, आणि मग ओळी वेगळ्या तुटतात. प्रबंधाच्या फोल्डरमध्येच फॉन्ट्स नावाचं एक फोल्डर करा, फॉन्टच्या फाइली त्यात ठेवा, आणि पाथ, एक्सटेन्शन, अपराइटफॉन्ट, बोल्डफॉन्ट हे पर्याय देऊन थेट फाइलीच नेमा. हल्ली बरेच फॉन्ट एकाच व्हेरिएबल फाइलीत, म्हणजे सगळी वजनं एकत्र असलेल्या फाइलीत, मिळतात. झीलाटेकच्या आत मांडणी करणाऱ्या झीटेकला त्या नीट जमत नाहीत, बोल्ड मागूनही साधंच मिळतं. उतरवलेल्या झिपमध्ये स्टॅटिक नावाचं फोल्डर असलं तर त्यातल्या सुट्या रेग्युलर आणि बोल्ड फाइली घ्या.

शीर्षकं अजूनही बदलली नाहीत तर तुमचा डॉक्युमेंटक्लास, म्हणजे दस्तऐवजाचा साचा, तपासा. कोमा-स्क्रिप्टचे क्लास, म्हणजे स्क्रबुक वगैरे, शीर्षकांना बिनसेरिफ कूळ वापरतात. त्यासाठी देवनागरीफॉन्टएसएफ या नावाने वेगळी ओळ द्यावी लागते. टंकलेखनी वळणाच्या मजकुरासाठी तशीच देवनागरीफॉन्टटीटी.

आता पानं २१४ ची २३९ का झाली याकडे येतो. हा भाग लोक सोडून देतात, आणि माझ्या मते फॉन्ट बदलण्याचं खरं काम इथेच आहे. १२ पॉइंट म्हणजे अक्षराची उंची नव्हे. अक्षर ज्या काल्पनिक चौकटीत बसवलेलं असतं, तिची ती उंची. त्या चौकटीत 'क' किती मोठा काढायचा हे फॉन्ट करणाऱ्याने ठरवलेलं असतं. वरच्या मात्रा-अनुस्वारांना आणि खालच्या उकारांना जागा राहावी म्हणून कोणी 'क' लहान ठेवतो, कोणी मोठा ठेवून मात्रांना चौकटीबाहेर जाऊ देतो. म्हणून दोन फॉन्ट १२ पॉइंटवर शेजारी ठेवले तर एकाचा मजकूर दुसऱ्याच्या दीडपट भरल्यासारखाही वाटू शकतो.

हे डोळ्यांनी बघा. एका वेगळ्या छोट्या फाइलीत जुन्या आणि नव्या फॉन्टातला 'क' एकाच ओळीत, मोठ्या आकारात शेजारी ठेवा. शिरोरेषेपासून क-च्या पायापर्यंतची उंची दोन्हींत किती आहे ते पडद्यावर पट्टी लावून मोजलं तरी चालतं. नवा 'क' उंच असेल तर फॉन्टच्या पर्यायांत स्केल देऊन दोघांना जुळवा. मग तुमच्याच प्रबंधातला एक मोठा परिच्छेद दोन्हींत बसवून ओळी मोजा. तुमच्या बाबतीत सगळी वाढ केवळ अक्षरांच्या रुंदीमुळे झाली असं धरलं तर स्केल ०.९ च्या आसपास येईल, कारण २१४ भागिले २३९ म्हणजे ०.८९५. पण एवढं खाली आणू नका. उंची जुळेल तिथेच थांबा, माझा अंदाज ०.९४ किंवा ०.९५ वर जुळेल. पानं थोडी वाढली तर वाढू द्या, परीक्षकांना तुमचा प्रबंध वाचायचा आहे.

शिवाय सगळी वाढ रुंदीमुळे झालेली नाही. तुम्ही लिहिलंय की 'मधल्याच काही ओळी लांब लांब वाटतात'. त्याचं कारण असं. १२ पॉइंटच्या क्लासमध्ये लाटेक एका ओळीच्या पायापासून पुढच्या ओळीच्या पायापर्यंत १४.५ पॉइंट अंतर ठेवतं. हे अंतर रोमन लिपी डोळ्यांपुढे ठेवून ठरवलेलं आहे, तिथे अक्षराच्या डोक्यावर फारसं काही नसतं. आपल्याकडे वरच्या ओळीत 'उद्ध्वस्त' आला आणि नेमका त्याच्याखाली 'पूर्तींच्या' आला, की वरचा पाय आणि खालचा रफार-वेलांटी-अनुस्वार एकमेकांना भिडतात. टेकला, म्हणजे लाटेकच्या आतल्या मूळ मांडणीयंत्राला, ते समजतं. दोन ओळी भिडायला लागल्या की ते ठरलेलं अंतर सोडून त्यांच्यामध्ये एक पॉइंटची फट घालतं. म्हणून त्या दोन ओळी इतरांपेक्षा दूर जातात, आणि पान दात पडल्यासारखं दिसतं. जुन्या फॉन्टचा 'क' लहान होता, त्यामुळे त्यात हे झालं नाही, नव्यात झालं.

यावर उपाय एकच: सगळ्याच ओळींना पुरेशी जागा द्या, म्हणजे ही पाळी येत नाही. लाइनस्प्रेडला १.२ दिलं की अंतर १७.४ पॉइंट होतं. देवनागरीच्या सलग मजकुराला १२ वर १७ ते १८ हे अंतर मला बरोबर वाटतं. खिळ्यांच्या छपाईत ओळींमध्ये शिशाच्या पट्ट्या घालत, त्या शिशावरूनच ओळींतल्या अंतराला लेडिंग हा शब्द आला. अंतर पुरेसं झालं की नाही हे तपासायला अडचणीच्या शब्दांचा तो परीक्षेचा परिच्छेद पुन्हा उपयोगी पडतो: त्यातल्या सगळ्या ओळी समान अंतरावर दिसल्या की झालं. तुमच्या संस्थेने ओळींतलं अंतर ठरवून दिलेलं असेल तर तेच पाळावं लागेल, मग स्केल कमी करून तोल साधा.

एक बारीक बाब, कारण दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये बसवलेल्या पानाशी तुलना करताना लोक गोंधळतात. टेकचा पॉइंट इंचाला ७२.२७ असतो, इतर बहुतेक ठिकाणी ७२. टेकचे १२ पॉइंट तिकडे ११.९६ च्या आसपास दिसतात. तो बिघाड नाही.

ओळी नव्याने तुटल्यामुळे काही शब्द उजव्या समासात घुसतील. मराठीत विभक्ती आणि शब्दयोगी अव्ययं चिकटून शब्द लांबतात, 'विद्यापीठांमधल्यांनासुद्धा' सारखा शब्द ओळीच्या टोकाला आला की टेकची पंचाईत होते. डॉक्युमेंटक्लासला ड्राफ्ट हा पर्याय द्या, जिथे ओळ बाहेर गेली तिथे समासात काळी पट्टी येते. त्या पट्ट्या बघत एकदा सगळा प्रबंध चाळा. इमर्जन्सीस्ट्रेच, म्हणजे शब्दांमधल्या जागा जास्त ताणायची मुभा, थोडं दिलं की निम्म्याअधिक जातात, उरलेल्या ठिकाणी वाक्य किंचित फिरवणं हाच चांगला मार्ग आहे. तुम्ही स्वतः लेखक असल्यामुळे तुम्हाला ती मुभा आहे. आम्हा मांडणी करणाऱ्यांना नसते.

सूत्रांचं असं, की मुख्य फॉन्ट बदलल्याने ती पूर्ण बदलत नाहीत. फॉन्टस्पेक सूत्रांतले आकडे मुख्य फॉन्टातून घेतं आणि चल जुन्या गणिती फॉन्टातच राहतात, त्यामुळे एकाच सूत्रात दोन वेगळी वळणं दिसतात. सेटमेनफॉन्टमध्ये मराठी फॉन्ट टाकल्यावर तुमच्या सूत्रांतले आकडे विचित्र दिसले असतील ते यामुळेच. युनिकोड-मॅथ पॅकेज घ्या आणि इंग्रजी मजकुराच्या फॉन्टशी जुळणारा गणिती फॉन्ट सेटमॅथफॉन्टमध्ये द्या. इंग्रजीला टेक जायर टर्मिस असेल तर टेक जायर टर्मिस मॅथ, लिबर्टिनस असेल तर लिबर्टिनस मॅथ, अशा जोड्या तयारच आहेत.

इंग्रजी शब्दांचा आकारही एकदा बघा. मराठीच्या ओळीत इंग्रजी शब्द ठेंगणा किंवा धिप्पाड दिसता कामा नये. सेटमेनफॉन्टलाही स्केल देता येतं. कॅपिटल अक्षराची उंची साधारण शिरोरेषेइतकी आली की डोळा अडखळत नाही.

प्रिअँबलमध्ये जुने अवशेष असतील तर ते काढा. इनपुटएन्क आणि टी-वन दिलेलं फॉन्टएन्क ही पीडीएफलाटेकच्या, म्हणजे लाटेकच्या जुन्या प्रकाराच्या, काळची पॅकेजेस आहेत, झीलाटेकमध्ये त्यांचं काम नाही, आणि फॉन्टएन्कमुळे मराठी गायबही होऊ शकते. टाइम्स नावाचं जुनं पॅकेज कोणीतरी घातलेलं सापडतं. ते फक्त ठरलेल्या कुळाचं नाव बदलतं, त्या नावाचा फॉन्ट झीलाटेकच्या एन्कोडिंगमध्ये सापडत नाही, आणि लाटेक मुकाट्याने लॅटिन मॉडर्न या आपल्या मूळ फॉन्टवर जातं. लॉगमध्ये, म्हणजे लाटेक चालवल्यावर होणाऱ्या नोंदींच्या फाइलीत, तशी ओळ असते, ती वाचली जात नाही. ज्यांचा दस्तऐवज केवळ इंग्रजी आहे आणि पीडीएफलाटेकमध्येच ठेवायचा आहे, त्यांनी टाइम्स वळणासाठी न्यूटीएक्सटेक्स्ट आणि न्यूटीएक्समॅथ ही जोडी वापरावी, मजकूर आणि सूत्रं दोन्ही एकदम बदलतात.

प्रबंधातली काही प्रकरणं आधी दुसरीकडे टंकलेली असतील तर आणखी एक धोका आहे. कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टांत टंकलेला मजकूर मुळात मराठी नसतोच. पडद्यावर 'क' दिसतो तेव्हा फाइलीत रोमन 'डी' साठवलेला असतो, फॉन्टने त्याला क-चा आकार चढवलेला असतो. अशा मजकुराचा फॉन्ट बदलला की नुसती रोमन अक्षरं उरतात. तो आधी युनिकोडमध्ये रूपांतरित करावा लागतो, आणि रूपांतरानंतर ओळ न ओळ वाचावी लागते. रफार आणि ऱ्य तिथे हमखास चुकतात.

सगळं झाल्यावर खात्री कशी करायची? डोळ्यांवर विसंबू नका, दोनशे पानांत एक चुकार ओळ निसटते. पीडीएफफॉन्ट्स नावाची छोटी आज्ञा पॉपलर या पीडीएफच्या साधनसंचाबरोबर मिळते (ती लाटेकच्या फाइलीत नाही, वेगळी चालवायची), ती पीडीएफमध्ये कोणकोणते फॉन्ट आहेत आणि ते आत जोडलेले आहेत की नाही याची यादी देते. जुन्या मराठी फॉन्टचं नाव यादीत दिसलं तर कुठेतरी एखादी जागा राहिली आहे, बहुतेक एखाद्या तक्त्यात किंवा आकृतीत. आकृत्या वेगळ्या पीडीएफ म्हणून घातल्या असतील तर त्यांतली अक्षरं तुमच्या प्रिअँबलचं ऐकत नाहीत, त्या नव्याने काढाव्या लागतात. दुसरी खात्री गहाळ अक्षरांची. ट्रेसिंगलॉस्टकॅर्स या चलाला ३ ही किंमत द्या. २०२१ पासूनच्या टेक लाइव्हमध्ये, म्हणजे टेकच्या एकत्रित संचात, तसं केलं की फॉन्टात नसलेलं अक्षर आलं रे आलं की काम चूक दाखवून थांबतं. 'ॲ' च्या जागची रिकामी चौकट मग परीक्षकांच्या हाती जाण्याआधी तुम्हाला सापडते.

आणि पानांचे उल्लेख. पेजरेफ या आज्ञेने दिलेले उल्लेख आपोआप सुधारतात, पण 'पृष्ठ ११२ पाहा' असं हाताने टंकलेलं असेल तर ते आता चुकलेलं आहे. एका ग्रंथाची मांडणी करताना मी सूची हातात पडल्यावर फॉन्ट बदलला होता. सूचीतली पानं आपोआप सुधारली, पण प्रस्तावनेतले हाताने लिहिलेले नऊ पानक्रमांक तसेच छापून गेले, आणि लेखकाने ते मला प्रत हातात ठेवून दाखवले. तुमच्या फाइलीत 'पृष्ठ' आणि 'पान' हे दोन शब्द शोधा, जिथे आकडा हाताने लिहिलेला दिसेल तिथे लेबल आणि पेजरेफ घाला, आणि मगच शेवटची पीडीएफ काढा. उल्लेख जागेवर बसायला झीलाटेक किमान दोनदा चालवावं लागेल.